मागें राहिलेला खडा

मराठी भाषेंत ‘पित्त’ ह्या एका शब्दावर जितका भार पडला आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर पडला असेल. सकाळीं उठल्यावर तोंडास आंबट पाणी सुटलें तर पित्त झालें. उन्हांतून येऊन डोकें दुखूं लागलें तर पित्त चढलें. अंगावर गांधी आल्या तर पित्त उठलें. आणि घरांतील वडीलधारे रागावले तर त्यांचें पित्त खवळलें! एकाच शब्दानें इतकीं कामें करावयाचीं म्हटल्यावर त्यांतून घोटाळा न झाला तरच नवल. हा घोटाळा केवळ भाषेचा असता तर त्याची चर्चा व्याकरणाच्या तासाबरोबर संपली असती. परंतु तो प्रसंगीं जिवाशीं येऊन भिडतो, म्हणून कुटुंबवत्सल वाचकांपुढें तो मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

अनेक घरांत असें घडतें. लग्नमुंजीचें जेवण होतें, तळणाचे व तुपाचे पदार्थ पोटांत जातात, आणि रात्रीं घरांतील एखाद्या बाईंच्या उजव्या बरगडीखालीं दुखूं लागतें. कळ पाठीकडे, कधीं उजव्या खांद्याकडे जाते. दोन-चार तास जीव नकोसा होतो, आणि मग ती आपोआप ओसरते. तोंवर आमसुलाचें सार देऊन झालेलें असतें, आलें-लिंबाचा रस देऊन झालेला असतो. तेव्हां कळ थांबली ती त्या रसानेंच थांबली, असें सर्वांस वाटतें. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो, आणि एकत्र कुटुंबांत आपलें दुखणें बोलून दाखविण्याची संवय स्त्रियांस कमी. त्यामुळें ही ‘पित्ताची कळ’ वर्षानुवर्षें स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाहीं. पुढें एके दिवशीं हुडहुडी भरून ताप येतो, डोळे पिवळे दिसूं लागतात, आणि मग धांवाधांव होते. पित्ताशयांतील खडा खालीं सरकून पित्तमार्गांत अडकलेला असतो.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. तोंडास येणारें आंबट पाणी म्हणजे जठरांतील आम्ल. त्याचा पित्ताशयाशीं संबंध नाहीं. आयुर्वेदांतील पित्त हा त्रिदोषांपैकीं एक दोष. तें एका व्यापक सिद्धान्ताचें अंग आहे, एका विवक्षित द्रवाचें नांव नव्हे. तिसरें पित्त म्हणजे यकृतांत तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस, आणि ह्या लेखांत तो शब्द आम्ही ह्या तिसऱ्या अर्थींच योजणार आहों. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत व त्यांत एक पित्तजन्य आहे, हें वाचून कित्येक सुशिक्षित गृहस्थ ‘पित्ताशयाचे खडे आमच्या ग्रंथांत आहेतच’ असें म्हणतात. परंतु सुश्रुताचार्यांची अश्मरी ही मूत्राशयांतील; पित्त हें तेथें तिचें कारण आहे, स्थान नव्हे. उलट पित्ताशयांतील खरा खडा आमच्याकडे फार प्राचीन काळापासून परिचित आहे, तो गोरोचनाच्या रूपानें. गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयांत सांपडणारा पिवळा खडा. कुमारसंभवांत विवाहप्रसंगीं पार्वतीच्या अंगावर गोरोचनेची नक्षी काढल्याचें वर्णन आहे. जो खडा देवीच्या अंगावर शोभला तसलाच खडा मनुष्याच्या पित्तमार्गांत अडकला म्हणजे काय अनर्थ होतो, आणि तो औषधाच्या धारेनें विरघळविण्याचा खटाटोप वैद्यांनीं शंभर वर्षें कसा केला, हें आतां पाहूं.

यकृत दररोज सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतें. तें बारीक बारीक नलिकांतून एकत्र होत एका मुख्य नलिकेंत उतरतें. ह्या नलिकेच्या बाजूस, फांदीस फळ लोंबावें तसें, पित्ताशय लोंबत असतें. त्यांत अवघें तीस ते पन्नास मिलिलिटर पित्त मावतें; पण त्यांतील पाणी शोषून घेऊन तें दाट करून ठेवणें व स्निग्ध अन्न आंतड्यांत उतरलें कीं आकुंचन पावून तें पुढें ढकलणें, हें पित्ताशयाचें काम. मुख्य नलिकेची रुंदी सुमारें सहा मिलिमीटर, म्हणजे बोरूच्या लेखणीएवढी. लहान आंतड्याच्या आरंभीं जेथें ती उघडते तेथें स्वादुपिंडाची नलिकाही येऊन मिळते. ह्या मुखाशीं असलेला उंचवटा जर्मनीच्या फाटर ह्यांनीं १७२० सालीं वर्णिला, आणि तेथील कडीसारख्या स्नायूचें वर्णन इटलीच्या ओडी ह्यांनीं १८८७ सालीं केलें. हा स्नायू म्हणजे दारावरचा द्वारपाळच. तो उघडला कीं पित्त आंतड्यांत जातें, मिटला कीं थांबतें. ह्या अरुंद दारांत खडा अडकला म्हणजे वरचें पित्त तुंबतें. तुंबलेलें पित्त रक्तांत उतरून कावीळ होते. त्यांत जंतु वाढले तर थंडी वाजून ताप येतो. आणि स्वादुपिंडाचा मार्गही अडला तर त्या अवयवाचा दाह सुरू होतो, तो कधीं कधीं प्राणघातक ठरतो. पोटांत कळ, हुडहुडी भरून ताप आणि कावीळ ह्या तीन लक्षणांची सांगड फ्रान्सच्या शार्को ह्यांनीं १८७७ सालीं घालून दिली. ती आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यास पाठ असते.

आतां खडा होतो कसा? ज्या गृहिणींनीं खडीसाखर होतांना पाहिली आहे त्यांस हें समजावयास कठीण नाहीं. पाण्यांत साखर विरघळण्यास मर्यादा आहे. त्याहून अधिक साखर असलेला पाक निवला म्हणजे त्यांतील दोऱ्यावर स्फटिक धरूं लागतात. पित्तांत कोलेस्टेरॉल नांवाचा मेणासारखा पदार्थ असतो. त्यास ‘कोलेस्टेरीन’ हें नांव फ्रान्सच्या शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘पित्तांतील घन पदार्थ’ असाच होतो. तूप जसें पाण्यांत मिसळत नाहीं तसा हा पदार्थही पाण्यांत विरघळत नाहीं. पण रिठ्याच्या पाण्यांत जसा तेलाचा ओशटपणा सुटतो, तसा पित्तांतील क्षार व लेसिथिन हे दोन पदार्थ त्यास वेढून द्रवांत धरून ठेवतात. ह्या तिघांचें प्रमाण कोठवर राहिलें म्हणजे पित्त निवळ राहतें आणि कोठें ढळलें म्हणजे स्फटिक पडतात, हें अ‍ॅडमिरँड व स्मॉल ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९६८ सालीं एका त्रिकोणाकृतीनें दाखवून दिलें. तो त्रिकोण काढला गेला त्याच क्षणीं पुढचा प्रश्न अपरिहार्य झाला: जें द्रवांतून घट्ट झालें तें पुनः द्रवांत नेतां येणार नाहीं काय?

परंतु येथेंच एक गोम आहे, ती वाचकांनीं लक्षांत ठेवावी. सर्व खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. कांहीं काळे असतात. ते रक्तांतील रंगद्रव्यापासून होतात व रक्तपेशी अधिक फुटण्याच्या विकारांत विशेष आढळतात. कांहीं तपकिरी व ठिसूळ असतात. ते बहुधा पित्तनलिकेंतच, जंतूंच्या संसर्गानें, चुन्याच्या संयोगानें होतात. कोलेस्टेरॉलचा खडा विरघळविणारें औषध ह्या दोहोंपुढें हतबल होतें. साखर विरघळते म्हणून शेजारचा चुनखडीचा तुकडाही त्याच पाण्यांत विरघळेल, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं.

पित्ताशयावरील शस्त्रक्रियेचा इतिहास तसा जुना नाहीं. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें बॉब्स ह्यांनीं १८६७ सालीं पित्ताशय उघडून त्यांतील खडे काढले. परंतु खडे काढले तरी ते करणारी पिशवी आंत राहते, हें ओळखून बर्लिनच्या लांगेनबुख ह्यांनीं १५ जुलै १८८२ रोजीं संपूर्ण पित्ताशयच काढून टाकलें. रोगी ४३ वर्षांचा गृहस्थ होता व सोळा वर्षें तो ह्या कळांनीं पिडला होता; तो बरा झाला. पित्ताशयावांचून मनुष्य सुखानें जगूं शकतो हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

पण मुख्य नलिकेंत खडा उतरला असेल तर काम अवघड होई. नलिका उघडून खडा काढावयाचा, आणि मग टांक्यांवर दाब येऊं नये, पित्तास वाट राहावी, म्हणून तींत एक नळी बसवावयाची. जर्मनीच्या हाल्बरश्टाट येथील केर ह्या शस्त्रवैद्यांच्या नांवानें ही नळी प्रसिद्ध आहे. तिचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा: आडवी भुजा नलिकेंत, उभी भुजा पोटाच्या भिंतींतून बाहेर. शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवसांनीं ह्या नळींतून क्ष-किरणांस दिसणारें द्रव्य सोडून चित्र घेत. चित्र स्वच्छ आलें कीं नळी काढून टाकीत. शस्त्रक्रिया चालू असतांनाच असें चित्र घेण्याची पद्धति अर्जेंटिनाच्या मिरिझी ह्यांनीं १९३१ सालीं सुरू केली. तोंवर शस्त्रवैद्याचें बोट हाच दिवा होता. तरीही शंभरांतून कांहीं रोग्यांच्या चित्रांत तो काळा ठिपका दिसेच. वाटोळा, निर्विकार, नलिकेच्या टोकाशीं बसलेला. हाच मागें राहिलेला खडा.

त्या काळच्या रोग्याची अवस्था वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. पोट एकदां फाडलें गेलें आहे. टांके नुकतेच निघाले आहेत. घरीं जाण्याची तयारी झाली आहे. आणि डॉक्टर येऊन सांगतात कीं एक खडा राहिला. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षां अवघड, कारण आंतील अवयव एकमेकांस चिकटलेले; रोगी पहिलीपेक्षां अशक्त; आणि बहुधा वयानें उतार. लहान खडा आपोआप वाहून जाईल म्हणून वाट पाहावी, तर ताप आणि कावीळ केव्हां गांठतील ह्याचा नेम नाहीं. अशा पेंचांत सांपडलेल्या शस्त्रवैद्याची दृष्टि त्या नळीकडे गेली ह्यांत आश्चर्य नाहीं. बाहेरून थेट खड्यापर्यंत जाणारी वाट आयतीच तयार होती. त्या वाटेनें खडा विरघळविणारें कांहीं पाठवावें, एवढेंच बाकी होतें.

तो प्रयत्न फार लवकर झाला होता. कोलेस्टेरॉल ईथरमध्यें चांगलें विरघळतें हें रसायनशास्त्रज्ञांस ठाऊक होतेंच. वॉकर नांवाच्या डॉक्टरांनीं १८९१ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत ईथर आंत सोडून खडे विरघळविण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढें १९३० व १९४० च्या दशकांत प्रिब्रम ह्या शस्त्रवैद्यांनीं शस्त्रक्रियेनंतर मागें राहिलेल्या खड्यांवर हाच उपाय चिकाटीनें चालविला. परंतु ईथरचा एक स्वभाव आडवा येई. तें ३५ अंशांच्या आंतच उकळतें, आणि मनुष्याचें शरीर ३७ अंशांचें. म्हणजे नळींतून गेलेलें ईथर खड्याशीं पोंचतांच त्याची वाफ होई. वाफ नलिकेंत फुगे. रोग्यास असह्य कळ येई, ओकारी येई, आणि अधिक गेलें तर भूलही चढे. क्लोरोफॉर्म उकळण्याच्या बाबतींत सोसणारें, पण यकृतास विषारी. जें औषध खड्यास मारील तें नलिकेस व यकृतास मारूं नये, हा ह्या साऱ्या शोधाचा गाभा होता, आणि दोन्ही गोष्टी एकत्र मिळणें दुर्घट होतें.

त्रिकोणाकृति प्रसिद्ध झाल्यावर विचार पालटला. परकें द्रव्य कशाला? पित्ताचाच क्षार, जो कोलेस्टेरॉल धरून ठेवतो, तोच अधिक प्रमाणांत आंत सोडावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वे व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७२ सालीं सोडियम कोलेट ह्या क्षाराच्या संतत धारेचे अनुभव प्रसिद्ध केले. कित्येक रोग्यांचे खडे नाहींसे झाले. परंतु आंतड्यांत उतरलेल्या क्षारानें जुलाब लागत, ते थांबविण्यास निराळें औषध द्यावें लागे. पुढील वर्षीं गार्डनर ह्यांनीं हेपॅरिन ह्या रक्त पातळ ठेवणाऱ्या द्रव्याचा प्रयोग मांडला. मात्र नुसत्या मिठाच्या पाण्याच्या धारेनेंही बारीक खडे वाहून जातात असें दिसूं लागल्यावर हेपॅरिनचा महिमा ओसरला.

मग मोनो-ऑक्टेनॉइन आलें. ग्लिसरीन व ऑक्टेनॉइक आम्ल ह्यांच्या संयोगाचा हा तेलासारखा द्रव. हें आम्ल खोबरेलांत व शेळीच्या दुधांत थोड्या प्रमाणांत असतें, म्हणजे कोंकणांतील मनुष्याच्या पोटास तें अनोळखी नव्हे. कोलेस्टेरॉल विरघळविण्याचा त्याचा वेग कोलेटाहून पुष्कळ अधिक. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे थिसल, हॉफमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८० सालीं त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९८५ सालीं तेथील सरकारनें ह्या औषधास विक्रीची परवानगी दिली.

हा उपचार कसा चाले तें सांगितल्यावांचून त्याचें मोल कळणार नाहीं. औषध अंगाइतकें कोमट करीत. नळीच्या वाटेनें एक बारीक नळी खड्याजवळ नेऊन ठेवीत. मग तासाला तीन ते पांच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर किंवा त्याहून कमी, इतक्या धिम्या गतीनें धार चाले. दाब अधिक झाल्यास औषध यकृताकडे उलटें चढण्याचें भय, म्हणून दाबावर सतत लक्ष ठेवावें लागे. रात्रंदिवस हें चाले. जेवणाच्या वेळीं थोडी विश्रांति. सात दिवसांपासून एकवीस दिवसांपर्यंत रोगी असा बांधलेला. मधून मधून चित्र घ्यावयाचें आणि ठिपका लहान झाला कीं नाहीं तें पाहावयाचें. सत्यनारायणाच्या पूजेस बसलेला मनुष्य जसा प्रसादापर्यंत उठूं शकत नाहीं, तसा हा तीन आठवड्यांचा बैठा संकल्पच होय!

आणि फळ काय? पामर व हॉफमन ह्यांनीं १९८६ सालीं २२२ संस्थांतील ३४३ रोग्यांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. सुमारें चतुर्थांश रोग्यांचे खडे पूर्णपणें विरघळले. चतुर्थांशाहून थोड्या अधिकांचे खडे लहान झाले व त्यामुळें ते अन्य उपायानें काढणें सुकर झालें. उरलेल्या जवळ जवळ निम्म्यांस विशेष लाभ झाला नाहीं. पोटदुखी, मळमळ, जुलाब असे उपद्रव सुमारें दोन-तृतीयांश रोग्यांस झाले. बहुतेक सौम्य, क्वचित् गंभीर. ही आंकडेवारी ह्या उपायाच्या पुरस्कर्त्यांनींच मांडली, हें आम्हांस मोठें शिक्षणप्रद वाटतें. आपल्या औषधाचें अर्धें अपयश स्वतःच्या हातानें छापणें ही शास्त्राची खरी शुचिता. ‘शंभर टक्के खात्री’ म्हणून जाहिरात करणाऱ्यांकडून ही अपेक्षा करतां येत नाहीं.

अपयशाचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. खडा रंगद्रव्याचा किंवा चुन्याचा असेल तर औषधाचें कांहीं चालत नाहीं. चुन्यास धरणारें ‘एडिटीए’ नांवाचें द्रव्य पित्तक्षारांत मिसळून असे खडे विरघळविण्याचे प्रयत्न जर्मनींत लॉयश्नर आदि संशोधकांनीं केले, पण तो मार्ग सर्वत्र रूढ झाला नाहीं. दुसरें कारण, पित्तनलिका ही बंद कुपी नव्हे, वाहता ओहोळ आहे. वरून दररोज लिटरभर पित्त येतें, त्यांत औषध पातळ होतें आणि खालीं वाहून जातें; खड्याशीं त्याचा सहवास अल्पच. मिथिल टर्ट-ब्यूटिल ईथर ह्या द्रव्याच्या गोष्टींत हा भेद स्पष्ट दिसतो. तें पेट्रोलांत मिसळण्यासाठीं वापरलें गेलेलें द्रव्य. ५५ अंशांवर उकळतें, म्हणून शरीरांत द्रवच राहतें. मेयो क्लिनिकच्याच मंडळींनीं १९८५ सालीं दाखविलें कीं पित्ताशयाच्या बंद पिशवींत तें पिचकारीनें आंत-बाहेर केल्यास कोलेस्टेरॉलचे खडे कांहीं तासांत विरघळतात. नलिकेंत मात्र तें सांठून राहत नाहीं. आंतड्यांत सांडतें, तेथें दाह करतें, रक्तांत जाऊन गुंगी आणतें.

तिसरें कारण सर्वांत निर्णायक. जो प्रश्न रसायनानें सोडवावयाचा होता तो हातानें आधीं सोडविला. बर्हेन ह्या क्ष-किरणतज्ज्ञांनीं १९७३ च्या सुमारास अशी युक्ति प्रचारांत आणली कीं टी-आकाराची नळी पांच-सहा आठवडे तशीच ठेवावी. तिच्याभोंवतीं पक्की वाट तयार झाली कीं नळी काढून त्याच वाटेनें तारेची बारीक जाळी आंत घालावी, खडा जाळींत धरावा आणि ओढून काढावा. त्यांनीं १९८० सालीं ६६१ रोग्यांचा अहवाल दिला. यश ९५ टक्के. तीन आठवड्यांची धार कोणीकडे आणि घटकाभराची जाळी कोणीकडे! इतक्यांत १९७४ सालीं जर्मनींत क्लासेन व डेम्लिंग ह्यांनीं, आणि जपानांत कावाई ह्यांनीं, तोंडावाटे दुर्बीण घालून ओडींच्या त्या द्वारपाळ स्नायूस छेद देण्याची क्रिया सुरू केली. दार रुंद झालें म्हणजे खडा जाळीनें किंवा फुग्यानें खालीं ओढतां येतो. पोट उघडण्याचें कारणच उरत नाहीं.

पुढें पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रियाही पालटली. जर्मनींत म्यूहे ह्यांनीं १९८५ सालीं दुर्बिणीनें, लहान छिद्रांतून, पित्ताशय काढलें. हिंदुस्थानांत ही शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया ह्यांनीं १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत प्रथम केली, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे. ह्या पद्धतींत टी-आकाराची नळी क्वचितच ठेवावी लागते. नळी गेली तशी औषधाची वाटही गेली. मोनो-ऑक्टेनॉइन आज बाजारांत नाहीं.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. खडा कशाचा आहे हें जाणल्यावांचून त्यावर औषध योजूं नये. औषध खड्यापर्यंत पोंचतें किती व टिकतें किती हें पाहिल्यावांचून त्याच्या गुणाची बढाई मारूं नये. हे दोन धडे ह्या शंभर वर्षांनीं पक्के केले. आज घरोघर जीं ‘खडे विरघळविणारीं’ चूर्णें, काढे व रस सांगितले जातात, त्यांस हीच कसोटी लावून पाहावी. जें औषध तज्ज्ञांनीं थेट खड्याच्या अंगावर तीन आठवडे ओतूनही अर्ध्या वेळीं हरलें, त्याहून मोठी करामत तोंडानें घेतलेला रस जठर, आंतडीं आणि यकृत ओलांडून करील, हें संभवनीय आहे काय?

पोटांत घेण्याच्या एका औषधाचा अपवाद सांगितला पाहिजे. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हें त्याचें लांबलचक नांव. अस्वलाच्या पित्तांतून तें जपानांत १९२७ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळविलें गेलें. लॅटिन ‘उर्सुस’ म्हणजे अस्वल, आणि तो शब्द आपल्या ‘ऋक्ष’ शब्दाचा सख्खा भाऊ. तेथीलच माकिनो व सहकारी ह्यांनीं १९७५ सालीं त्यानें खडे विरघळतात असें दाखविलें. पण केव्हां? खडे कोलेस्टेरॉलचे, लहान, चुना न बसलेले असावेत. ते पित्ताशयांत असावेत, आणि पित्ताशय काम करणारें असावें. तेव्हांही महिनोन् महिने औषध घ्यावें लागतें, आणि बरें झालेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांस पांच वर्षांत पुन्हा खडे होतात. नलिकेंत अडकलेल्या खड्यावर हें औषध घेत बसणें म्हणजे घर पेटलें असतां विहीर खणावयास घेणें होय.

ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशीं हिरवट गोळे पडल्याचें अभिमानानें सांगणारे लोकही भेटतात. असे गोळे तपासून पाहिलेल्या डॉक्टरांनीं २००५ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें लिहिलें कीं त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतेंच, तेल व पाचक रस ह्यांपासून पोटांत तयार झालेला तो साबण होता. खडे जेथल्या तेथें होते.

आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर मुलांस शब्दांचे अर्थ शिकविण्याचा आमचा व्यवसाय. तेव्हां औषधयोजना सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु घरांतील वडिलांनीं कोणत्या वेळीं काय करावें, हें सांगण्यास वैद्य असावें लागत नाहीं. जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं कळ येणें दोनदां-तीनदां घडलें, तर ‘पित्त झालें’ म्हणून निकाल न देतां पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती बिनवेदनेची असते. लघवी गडद पिवळी, मळ पांढुरका, डोळे पिवळे, अंगास खाज, ह्यांतील कांहीं दिसलें तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. आणि कळ, हुडहुडीचा ताप व कावीळ हीं तिन्ही एकत्र आलीं तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये. काविळीच्या मंत्राचा व मुळीचा विचारही करूं नये. तुंबलेल्या पित्तांत जंतु वाढले असतां तासांचा हिशेब असतो.

पित्ताशय काढल्यावर पुन्हा खडा होणारच नाहीं, असेंही समजूं नये. शस्त्रक्रियेच्या वेळीं नलिकेंत उतरलेला लहान खडा कांहीं काळानें त्रास देऊं शकतो, आणि तपकिरी खडा तर नलिकेंत नव्यानें होऊं शकतो. म्हणून जुनी शस्त्रक्रिया झालेल्या आजींस किंवा काकूंस पुन्हा तशीच कळ आली, तर ‘तुमचें पित्ताशय तर केव्हांच काढलें’ म्हणून त्यांस गप्प बसवूं नये.

शेवटीं एक गोष्ट, जिचा विसर पडल्यानें अनेक ठिकाणीं अनर्थ होतो. दुर्बिणीनें खडा काढतांना तो सर्व निघाला नाहीं, किंवा मार्ग सुजलेला असला, तर पित्तास वाट राहावी म्हणून डॉक्टर नलिकेंत प्लास्टिकची लहान नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ही नळी कायमची नव्हे. साधारणपणें तीन महिन्यांच्या आंत ती काढावी किंवा बदलावी लागते. नाहींतर ती गाळानें बुजते आणि तिच्याभोंवतींच नवे खडे धरूं लागतात. रोग्यास कांहींच दुखत नसतें, बाहेरून कांहीं दिसत नसतें, म्हणून ती आंत आहे हेंच घर विसरून जातें. पूर्वींची टी-आकाराची नळी पोटाबाहेर लोंबत असे, त्यामुळें तिचा विसर पडणें शक्य नव्हतें. हिचें तसें नाहीं. रुग्णालयांतून निघतांना ‘आंत कांहीं ठेवलें आहे काय, आणि तें केव्हां काढावयाचें,’ हे दोन प्रश्न घरच्या मनुष्यानें विचारावेत व उत्तर लिहून घ्यावें. दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीख आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहितों. त्याच चौकटींत, लाल शाईनें, ही तारीखही लिहावी.